हिच्या उड्यांचा विमा

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. एकवीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढल्यावर माझी एक खात्री झाली आहे: जे लेखी नाही ते घडलेलंच नाही. वाचक फक्त मी. तेव्हा खरं लिहायला हरकत नसावी.

बातमी: ही परदेशी जाणार. ट्रॅम्पोलीनच्या क्लासबरोबर. हिचं वय सत्तावन्न. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाली, आणि लोक ज्या वयात गुडघ्यांना तेल चोळत बसतात त्या वयात ही दर मंगळवारी आणि गुरुवारी एका हॉलमध्ये जाऊन स्प्रिंगा लावलेल्या जाळीवर उड्या मारते. दोन वर्षं झाली. मी लोकांना 'व्यायामाला जाते' असं सांगतो. त्यात खोटं काही नाही.

पन्नाशीपुढच्या हौशी लोकांचा मेळावा आहे. स्पर्धा नाही, नंबर नाही, नुसत्या उड्या. क्लासमधले पाच जण आणि त्यांची कोच. जोडीदार आला तरी चालेल. मी जाणार आहे. निघायचं वीस तारखेला.

कोचने सगळ्यांना बजावलंय, की प्रवास विमा हवा आणि त्यात ट्रॅम्पोलीनचा स्पष्ट उल्लेख हवा. ही म्हणाली, मी ऑनलाइन काढते. मी हसलो. घरात शिंपी असताना बटण लावायला कोणी बाहेर जातं का? मी काढतो म्हटलं. ही जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, बरं. विश्वास म्हणतात तो हा.

४ मार्च, मंगळवार. दु. १.२०

फॉर्म घेतला. आपल्याच कंपनीचा. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, ऑपरेशन नाही. हिची तब्येत कागदावर फार छान दिसते. प्रश्न क्रमांक अकरापाशी घोडं अडलं. 'प्रवासात कोणते साहसी अथवा हौशी क्रीडाप्रकार करणार आहात?'

अडचण अशी. फॉर्म संगणकात चढवायचं काम अधोरेखाकडे आहे. अधोरेखा म्हणजे माझ्या पलीकडच्या टेबलावरचा सहकारी. दिसेल त्याच्याखाली लाल रेघ मारतो म्हणून हे नाव मीच ठेवलं. आणि आमच्याकडे दर शुक्रवारी चारच्या चहाबरोबर 'नमुना' असतो. म्हणजे आठवड्यातला सगळ्यात हास्यास्पद फॉर्म किंवा दावा मोठ्याने वाचून दाखवायचा. प्रथा माझीच. वाचतोही मीच, आवाज काढून. कोणाचं नाव घेत नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

स्त्री, वय सत्तावन्न, ट्रॅम्पोलीन. हे अधोरेखाच्या हाती पडलं तर शुक्रवारपर्यंत त्याच्या पोटात राहायचं नाही.

दु. ४.५०

भरला. प्रश्न अकरा: 'चालणे.'

हे खोटं नव्हे. ट्रॅम्पोलीनपर्यंत चालतच जावं लागतं. शिवाय बारकाईने पाहिलं तर उडी म्हणजे तरी काय, उभ्या दिशेने चालणं.

५ मार्च, बुधवार

पॉलिसी झाली. प्रिंट काढून निळ्या फाइलमध्ये लावली आणि हिच्या प्रवासाच्या बॅगेत ठेवली. ही मोबाइल बघत ओट्याशी उभी होती. विचारलं, सगळं नीट लिहिलंत ना. मी म्हटलं, एकवीस वर्षं हेच करतोय. ती म्हणाली, ते ठाऊक आहे, खेळाबद्दल काय लिहिलंत? मी म्हटलं, जे विचारलं होतं ते.

चहा नेहमीपेक्षा फिका होता. बोललो नाही. घरात उगाच कुरबुर नको.

७ मार्च, शुक्रवार

चारचा चहा. आजचा नमुना: एकाने वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवताना स्वतःच्या भुवया जाळून घेतल्या. वाचला, पण आवाज चढेना. अधोरेखा म्हणाला, त्यापेक्षा तो पोस्टमास्तर परत वाचा, त्याची सर कशालाच नाही.

पोस्टमास्तर म्हणजे मागच्या वर्षीचा दावा. निवृत्त, वय चौसष्ट. परदेशी मुलीकडे गेले होते. तिच्या अंगणात नातवंडांचं ट्रॅम्पोलीन होतं. चढले, उडाले, खांद्याचं हाड मोडलं. प्रश्न अकराला उत्तर होतं 'काही नाही'. मी दावा नामंजूर केला, फाइलवर शेरा मारला 'हौसेचा मामला'. मग त्यांचं दोन पानी पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं, 'उडी मी आनंदाने मारली होती, कोणाला फसवायला नाही.' ते मी लागोपाठ तीन शुक्रवार वाचलं. तिन्ही वेळा वेगळ्या आवाजात.

आज नाही वाचलं. घसा बसलाय असं सांगितलं. घरी येईपर्यंत खरंच बसला.

१० मार्च, सोमवार

मन खातंय. नियम पुन्हा पाहिले. निघण्याआधी केव्हाही दुरुस्तीचा अर्ज देता येतो. एक पान, एक ओळ, एक सही. विमान सुटलं की संपलं. म्हणजे दहा दिवस हातात आहेत. दहा दिवसांत माणूस अख्खी सायकल शिकतो.

दुरुस्तीचा अर्ज घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. उद्या सकाळी अकराला भरणार. ठरलं म्हणजे ठरलं.

११ मार्च, मंगळवार

शर्ट धुवायला गेला.

१२ मार्च, बुधवार

सकाळी अर्ज माझ्या चहाच्या कपाखाली होता. नीट घडी घातलेला. ही धुण्याआधी खिसे तपासते, बत्तीस वर्षांची सवय. वाचला नसणार. वाचला असता तर बोलली असती. समोरच बसली होती, माझा चहा संपेपर्यंत. म्हणाली, आज काही विशेष? मी म्हटलं, विशेष काही नाही, तेच ते दावे.

तिने कप उचलला आणि आत गेली. मला वाटतं तिला बरं वाटत नसावं.

१३ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत जुन्या फाइलींचं कपाट उघडून पोस्टमास्तरांची फाइल काढली. पत्र पहिल्यांदाच मनात वाचलं. मनात वाचलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. त्यांनी लिहिलंय, की पोस्टात छत्तीस वर्षं खुर्चीवर बसून काढली आणि नातीने हात धरला तेव्हा नाही म्हणवलं नाही. अक्षर उजवीकडे उतरत गेलंय. डाव्या हाताने लिहिलं असणार. हे मागच्या वर्षी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

फाइल 'फेरविचार' लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवली. ऊर भरून आला. आपण माणूस म्हणून वाईट नाही.

दु. ३.१०

फाइल ट्रेमधून परत काढून कपाटात ठेवली. फेरविचार म्हटला की साहेब विचारणार, आता का? मग ट्रॅम्पोलीनचा विषय निघणार. विषय निघाला की अधोरेखा कान टवकारणार. हिचा प्रवास नीट होऊ दे, मग पोस्टमास्तरांचं सावकाश बघू. त्यांचा खांदा आता जुळलाही असेल.

१४ मार्च, शुक्रवार

दाढेचं निमित्त सांगून साडेतीनला निघालो. नमुना टळला. कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर तासभर बसलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते कळलं. समोर एक बाई दोरीच्या उड्या मारत होती. उठून दुसऱ्या बाकावर गेलो.

१६ मार्च, रविवार

नवा विचार. कागद बदलण्यापेक्षा हिचं मन बदलावं. तिने उडीच मारली नाही तर 'चालणे' आपोआप खरं ठरतं. फसवणूक मुळातूनच नाहीशी. इतकं सोपं उत्तर इतके दिवस सुचलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

नाश्त्याला विषय काढला. मणका, मान, घोटा, मनगट. पाठीवर पडायची ती जी उडी असते तिने किती माना आखडतात, हे माझ्या टेबलावरच्या फाइलींतून सांगितलं. हिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, त्यातल्या किती जणांनी फॉर्ममध्ये खरं लिहिलं होतं? मी म्हटलं, फार थोड्यांनी. ती म्हणाली, आणि बाकीच्यांचं तुम्ही काय केलंत?

टोस्ट करपला होता, त्यामुळे मला उठावं लागलं.

संध्या. ६.००

मेहुणीचा फोन. मेहुणी म्हणजे हिची धाकटी बहीण, बँकेत आहे, जिभेला हाड नाही. म्हणाली, भावोजी, ताईचे कागद झाले का? झाले म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही असताना आम्हाला कसली काळजी, आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही. माझ्या ओळखीचं वाटलं. शुक्रवारी चार वाजता मी तसाच हसतो.

१८ मार्च, मंगळवार

आज करायचंच म्हणून गेलो. दुरुस्तीचा अर्ज भरला, स्वच्छ अक्षरात: 'ट्रॅम्पोलीन (हौशी).' अधोरेखाच्या टेबलापर्यंत पोचलो. तो म्हणाला, सिस्टिम बंद आहे, उद्या या.

सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं वाटलं याचंच वाईट वाटलं. माझ्या बायकोच्या मानेचा प्रश्न आहे आणि मला सिस्टिम बंद पडल्याचा आनंद होतोय. हे कुठे लिहिलेलं नसतं तर बरं झालं असतं.

दिवसभर ही मला फार साधी, फार भोळी वाटत राहिली. बिचारीचा माझ्यावर किती भरवसा. संध्याकाळी क्लासहून आली तेव्हा गाल लाल होते. मी विचारलं, दमलीस? म्हणाली, नाही, आज सलग वीस झाल्या. वीस कशाच्या, ते मी विचारलं नाही. दोन वर्षांत कधीच विचारलेलं नाही.

१९ मार्च, बुधवार

शेवटचा दिवस. सिस्टिम सुरू. अधोरेखा समोर. हात पुढे करून म्हणाला, द्या, काय दुरुस्ती आहे? आणि लाल पेन उघडलं. टोपण उघडल्याचा आवाज झाला तेवढ्यात माझा धीर सुटला. म्हटलं थांब, एक शब्द राहिलाय. जागेवर आलो. नवा अर्ज घेतला.

प्रश्न अकरा, दुरुस्तीपूर्वी: 'चालणे.' दुरुस्तीनंतर: 'वेगाने चालणे.'

अधोरेखाने 'वेगाने'खाली रेघ मारली आणि अर्ज चढवला. म्हणाला, वहिनींना शुभेच्छा सांगा. चांगला माणूस आहे तो. उगाच घाबरलो, असंही वाटून गेलं. पण आता एकाच पॉलिसीत दोनदा दुरुस्ती म्हणजे साहेबांच्या डोळ्यावर येणार.

दिशा मात्र योग्य आहे. चालण्याकडून उडीकडे आपण एक पाऊल सरकलो आहोत.

२० मार्च, गुरुवार. विमानतळ

ठरवलं होतं, की सामान तपासलं की सांगायचं. मग ठरवलं, कॉफी घेताना. मग गेटवर. गेटवर हीच म्हणाली, अजून पंधरा मिनिटं आहेत, काही राहिलंय का? मी म्हटलं, पाण्याची बाटली घेतो.

रांगेत तिने पुन्हा विचारलं. तेच. काही राहिलंय का. मी खिसे चाचपले आणि नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि पुढे झाली. जागेवर बसल्यावर खिडकीकडे तोंड करून बसली. मोबाइल बंद करायची सूचना झाली आणि माझ्या डोक्यात आलं, की आता अर्जाची मुदत संपली.

कोच आमच्या पुढच्याच रांगेत बसली आहे. तिशीची आहे, मान जिराफासारखी ताठ. मला विचारलं, सर, तुम्ही इन्शुरन्समध्ये ना? मग आम्ही सगळे सेफ. मी हो म्हटलं. मग झोपेचं सोंग घेतलं. सोंगातच झोप लागली आणि ती चांगली लागली, हेही वाईटच.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळ

हॉटेलची खोली लहान. दोन पलंग, एक खुर्ची, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसते. ही आंघोळीला गेल्यावर मी तिचे ते तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे काढून माझ्या बॅगेत, इस्त्रीच्या शर्टांखाली ठेवले. मोज्यांशिवाय जाळीवर चढू देत नाहीत. मोजे नाहीत, उडी नाही, अपघात नाही. यात चोरी नाही. हा बचाव आहे.

दु. २.००

कोचकडे जादा मोज्यांच्या बारा जोड्या होत्या.

संध्या. ५.३०

आज सराव होता. मोठा हॉल, उंच छत, सहा ट्रॅम्पोलीन्स रांगेत. एका वेळी एकावर एकच माणूस. बाकीचे कडेला उभे राहून नजर ठेवतात. भिंतीवर बारा नियम लावलेत. मला ते सगळे पाठ आहेत. नियम मोडलेल्या लोकांच्या फाइलींवरच तर माझं पोट चाललंय.

मग ही चढली. मी हिला उडताना कधी पाहिलंच नव्हतं.

मध्यभागी लाल फुली होती. ही त्यावर उभी राहिली, हात सरळ, आणि उडाली. पहिल्या दोन साध्या. तिसऱ्या उडीला ती माझ्या डोक्याच्या वर होती. केस सुटले. हसत होती. बत्तीस वर्षं एकाच घरात राहतोय, तिचं हे हसणं मी पाहिलेलं नाही. वर्गात पोरांना गणित सुटल्यावर कदाचित हसत असेल. हवेत पाय जवळ घ्यायची, पुन्हा सोडायची, आणि प्रत्येक वेळी बरोबर फुलीवर उतरायची. मोजून वीस. पलीकडे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला बॅगेत लपवलेले मोजे आठवले आणि मान वर करवेना.

मला तिचा अभिमान वाटला. हे लिहून ठेवतो. आणि त्याच क्षणी आठवलं, की हे जे हवेत होतं त्यासाठी मी 'वेगाने चालणे' असं लिहिलं होतं.

उतरल्यावर धापा टाकत जवळ आली. म्हणाली, पाहिलंत? पाहिलं म्हटलं. अजून काही बोलायला हवं होतं. छान वाटलं, एवढं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती दोन क्षण थांबली आणि पाणी प्यायला गेली.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ७.१०

आज सांगणार. कार्यक्रम अकराला. नाश्त्यालाच सांगतो. हात जोडून माफी मागतो. ती म्हणाली नको, तर उडी नको; म्हणाली मारते, तर मारू दे; जे ती म्हणेल ते.

सकाळी ९.००

नाश्त्याला कोच आमच्याच टेबलावर बसली.

सकाळी १०.३०

हॉलच्या बाहेर सांगतो.

दु. ४.००. हॉस्पिटल

जे झालं ते क्रमाने लिहितो. दाव्यात क्रम महत्त्वाचा.

हॉलच्या बाहेर सांगायचं जमलं नाही, कारण ही गटाचा फोटो काढून घेत होती. आत गेल्यावर मी चौथ्या रांगेत बसलो. ११.२० ला ही चढली. कोचने माइकवर सांगितलं, की आज या पहिल्यांदाच पाठीवर पडून परत उभं राहण्याची उडी करणार आहेत. तीच ती मानेची. माझ्या डोळ्यांपुढून फाइली सरकायला लागल्या, प्रत्येकीखाली माझी सही.

मी उठलो. रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत खाली आलो. ही सुरुवातीच्या साध्या उड्या घेत होती. मी कडेच्या गादीवर चढलो आणि ओरडलो, की थांब, मला काहीतरी सांगायचंय. ती हवेत होती. ऐकू गेलं नसेल म्हणून मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. ते जाळीवर पडलं. नियम क्रमांक एक, एका वेळी एकच. हा नियम मी निदान चाळीस नकारपत्रांत लिहिलाय. कारण असं, की दुसऱ्याचं वजन पडलं की जाळी तिरकी होते आणि पहिल्याला भलतीकडेच फेकते.

भलतीकडेच फेकलं. ही उजव्या हातावर पडली. मला काहीही झालं नाही. मी जाळीवर बसलेला होतो आणि हळूहळू वरखाली होत होतो.

मनगट मोडलंय. दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, साधं आहे, सहा आठवडे. मान, मणका, सगळं ठीक. ती पाठीवरची उडी व्हायचीच राहिली.

काउंटरवरच्या बाईने इन्शुरन्सचे कागद मागितले.  ही खुर्चीवर हात उशीवर ठेवून बसली होती. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि सगळं सांगितलं. चालणे, वेगाने चालणे, अधोरेखा, नमुना, पोस्टमास्तर, मोजे. एका दमात. डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं नाही.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, मला पाच तारखेपासून माहीत आहे. पॉलिसी झाली की विमा असलेल्या माणसाच्या मोबाइलवर सारांश जातो. 'क्रीडाप्रकार: चालणे.' मी म्हटलं, असा मेसेज कधीपासून जातो? मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी ग्राहकांच्या तक्रारी टाळायला हे परिपत्रक मीच काढलं होतं.

ती म्हणाली, बॅगेत निळ्या फाइलच्या मागे हिरवी आहे, ती द्या त्यांना. हिरवीत दुसऱ्या कंपनीची पॉलिसी होती. तारीख पाच मार्च. प्रश्न वेगळ्या क्रमांकाचा, उत्तर तिच्या शब्दांत, ठळक: 'ट्रॅम्पोलीन.' पुढे 'दोन वर्षांचा नियमित सराव' असंही. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, वाट बघत होते. रोज सकाळी चहा देऊन समोर बसत होते. गेटवरसुद्धा विचारलं. वेळ होता की तुम्हाला, निघेपर्यंत.

मी म्हटलं, मला तुझी काळजी होती. ती म्हणाली, नाही, तुम्हाला चार वाजताच्या चहाची काळजी होती. एवढंच बोलली. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

काउंटरवरची बाई पॉलिसीवरून बोट फिरवत होती. तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावं, या रकान्यात मेहुणीचं नाव आणि फोन. मी बाईंना सांगितलं, की मी नवरा आहे, मी इथेच उभा आहे. त्यांनी मान हलवली आणि मेहुणीला फोन लावला.

२३ मार्च, रविवार. हॉटेल, सकाळी १०.००

हिला रात्री झोप लागली. उशी तिच्या हाताखाली मी ठेवली, ती तिने राहू दिली. क्लासमधले चौघे येऊन प्लॅस्टरवर सह्या करून गेले. मी पेन शोधेपर्यंत जागा संपली होती.

नाश्ता झाल्यावर दाव्याचा फॉर्म भरायला बसलो. उजवा हात अडकलेला, म्हणून ती सांगणार आणि मी लिहिणार. एकवीस वर्षं दुसऱ्या बाजूने हेच फॉर्म वाचले, भरण्याची वेळ पहिल्यांदाच. म्हटलं, निदान हे काम तरी आपल्यासारखं कोणाला जमायचं नाही.

नाव, वय, ठिकाण, वेळ. क्रीडाप्रकार: ट्रॅम्पोलीन. हे स्वच्छ अक्षरात लिहिलं. साक्षीदार: कोच. मग रकाना आला, 'अपघाताचे कारण (थोडक्यात).'

मी अनुभवाने काही सुचवलं. 'पृष्ठभागाच्या अनपेक्षित हालचालीमुळे तोल जाणे.' ही नको म्हणाली. 'बाह्य घटकाचा हस्तक्षेप.' तेही नको. मी म्हटलं, मग 'गैरसमज' लिहू? ती म्हणाली, गैरसमज कोणाचाच नव्हता. थोडक्यात विचारलंय, थोडक्यात लिहा. नवरा.

 असा शब्द त्या रकान्यात मी आजवर वाचलेला नाही. अधोरेखाकडे हा फॉर्म गेला असता तर तीन रेघा आल्या असत्या. ती वाट बघत होती. घाईत नव्हती, रागावलेलीही नव्हती, नुसती बघत होती.

लिहिलं. कागद तिच्यासमोर धरला. तिने वाचला, डाव्या हाताने सही केली आणि म्हणाली, आता खाली जाऊन यासाठी पाकीट आणा.